कवचाबाहेर

"अंडं भाईरनं फोडू नये," आत्या म्हणाली. "फोडलं की पिल्लू जगत न्हाई."

डॉ. शेडबाळे मॅडम पेन हातात तसंच धरून तिच्याकडं बघत राहिल्या. समोरच्या कागदावर त्यांनी नुकतंच चित्र काढलं होतं. एक गोल, त्याच्याभोवती जाड रेघेचा दुसरा गोल आणि त्या जाड रेघेत एके ठिकाणी बारीकशी खाच. मिरजेतल्या त्या दवाखान्यात आम्ही चार वर्षं जात होतो आणि मॅडमची सगळी चित्रं मला पाठ झाली होती. हे मात्र नवीन होतं.

"आजी, हे कोंबडीचं अंडं नाही," मॅडम म्हणाल्या.

"वर कवच हाय न्हवं?"

"आहे."

"आन् आत जीव हाय?"

"आहे, म्हणजे... हो, आहे."

"मग अंडंच की वो."

शेजारच्या खुर्चीत आमचे हे चुळबुळले. "आई, तू जरा गप बस. मॅडम काय सांगत्यात ते ऐकून तर घे."

"ऐकतीयाच की. कान का भाड्यानं दिल्यात?"

ही आत्या म्हणजे माझ्या वडलांची सख्खी बहीण आणि माझी सासू. आमच्याकडं मामाची मुलगी करायची पद्धत, त्यामुळं नवरा, दिगंबर, माझा आतेभाऊच. लहानपणी मी त्याला दिग्या म्हणायचे, लग्नानंतर अहो म्हणायला लागले. आत्याला मात्र अहो-जाहो करायला जीभ वळली नाही ती नाहीच. मॅडमनी पहिल्याच भेटीत नात्यातलं लग्न का म्हणून विचारलं होतं. त्याच्या तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही. कशातच काही निघालं नव्हतं. दोष सापडला असता तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

माझं नाव बेबी. माझ्या वयाच्या बायकांत हे नाव गावोगाव सापडेल, पण मूल होत नसलेल्या बाईनं ते घेऊन असल्या दवाखान्यात बसू नये. नर्सनं "बेबी खराडे" असा पुकारा केला की बाकावरच्या सगळ्या बायका वर बघायच्या. मी तासगाव डेपोत कंडक्टर आणि हे तिथंच वर्कशॉपात मेकॅनिक. इंजिन उघडून पुन्हा बसवायचं म्हटलं तर यांच्यासारखा माणूस नाही, पण दवाखान्याच्या पायऱ्या चढताना हे कायम दोन पायऱ्या मागं राहायचे.

तोवर तीनदा माझी बीजं काढून झाली होती, बाहेर काचेत गर्भ तयार करून झाले होते, आत सोडून झाले होते. तिन्ही वेळा चिकटलं नाही. आता दवाखान्यात गोठवून ठेवलेला एकच गर्भ उरला होता. मला चाळिसावं लागलं होतं. पुन्हा बीजं काढायला गेलं तर हाताला काही लागणार नाही, हे मॅडमनी आधी गोड शब्दांत आणि मग स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. म्हणजे हा एक. हा गेला की संपलं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"आजी, ऐका," मॅडम म्हणाल्या. "गर्भाभोवती पातळ कवच असतं. आत सोडल्यावर गर्भ ते फोडून बाहेर येतो आणि मग पिशवीला चिकटतो. गोठवल्यामुळं काही वेळा कवच टणक होतं. आम्ही लेझरनं त्याला बारीक भोक पाडून देतो. एवढंच. बाहेर त्याचं त्यालाच यायचं असतं."

"त्येच म्हणतीया मी. त्येचं त्येला यिऊ द्या."

आत्याच्या परड्यात कायम पंधरा-वीस कोंबड्या असायच्या. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. शेजारपाजारच्या बायका आपली अंडी आणून तिच्याकडं द्यायच्या, आणि ती एकेक उन्हाकडं धरून कुठलं ठेवायचं ते सांगायची. त्यामुळं या विषयावर ती एका डॉक्टरणीपुढं हार मानेल, असं मला अजिबात वाटत नव्हतं.

"तुम्ही स्वतः कधी फोडून बघितलंय?" मॅडमनी विचारलं.

"बघितलंय की. पिल्लू आतनं टोच मारून मारून दमतंय, आपल्याला बघवत न्हाई. नखानं टरफल काढावं, तर भाईर येतंय आन् सांजंपतोर मान टाकतंय. ज्येच्यात जोर न्हाई त्येच अडकतंय बाई. आपण सोडवून जोर कुठनं यायचा?"

"एकही जगलं नाही?"

आत्यानं पदर सारखा केला. खोटं बोलायची सवय नसल्यामुळं अशा वेळी तिची मोठी पंचाईत व्हायची.

"एक जगलं," ती म्हणाली. "लंगडं."

मला ते आठवत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आत्याकडं यायचे तेव्हा ते पिल्लू परकराच्या ओच्यात घेऊन हिंडायचे, आणि दिग्या मला लंगडीची आई म्हणून चिडवायचा. मी यांच्याकडं बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते.

"मॅडम," मी म्हणाले, "आत्या म्हणते तसं असलं तर? आतलंच दुबळं असलं तर?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तर भोक पाडून काही उपयोग नाही. आतलं चांगलं असेल आणि कवचामुळं अडत असेल, तरच उपयोग. यातलं कुठलं, ते आधी कळत नाही."

"आणि तीनदा गेलं ते कशानं?"

"तेही कळत नाही, बेबीताई."

या एका गोष्टीसाठी मला मॅडम आवडायच्या. देवावर भरवसा ठेवा म्हणणारे डॉक्टर मी पुष्कळ बघितले होते. देवावर भरवसा ठेवायला मी तुमच्याकडं कशाला येऊ, गावात देवळं काय कमी आहेत, असं एकाला तोंडावर म्हणालेही होते.

"पाडा भोक," मी म्हणाले.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. आत सोडायच्या आधी गर्भ ज्या पाण्यात ठेवतात ते या वेळी वेगळं असणार होतं, जरासं चिकट. त्यामुळं गर्भाला पिशवीला धरायला थोडी मदत होते, काही जणींना होते, काहींना नाही.

"डिंक म्हना की," आत्या म्हणाली.

"तसंच समजा आजी."

मॅडमना वाटलं विषय मिटला. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवरून घरी आले तर आत्या चुलीपुढं बसून डिंक तळत होती. परातीत खोबरं, खारीक, खसखस आणि वर फुललेला डिंक. घरभर तुपाचा वास सुटला होता. शेजारच्या इंदाकाकू दारातनं डोकावल्या आणि हरखल्याच.

"कोण बाळंत झालं वो? कुणाचं लाडू म्हनायचं हे?"

"बेबीचं," आत्या म्हणाली. "तिकडनं डाक्टरीण डिंक लावतीया, हिकडनं मी लावती. दोन्हीकडनं धरलं म्हंजे सुटायचं न्हाई."

इंदाकाकूंनी माझ्याकडं बघितलं. बाळंतिणीचे लाडू आधी करू नयेत, हे काय आत्याला ठाऊक नव्हतं? सगळं ठाऊक होतं. पण तिनं लेझरला कबुली दिली होती ती अशी, डिंक तळून. मी हात धुतले, एक लाडू उचलला आणि तिच्यादेखत खाल्ला.

गर्भ सोडायच्या दिवशी आत्या आमच्याबरोबर आली. येऊ नको म्हणून सांगून झालं होतं. पिशवीत ओटीचं सामान, नारळ आणि मोगऱ्याचा गजरा. गजरा नर्सनं दारातच काढून घेतला. लॅबमधल्या हवेत फुलांचा, अत्तराचा, कसलाच वास चालत नाही, असं तिनं सांगितलं. आत्यानं नारळही तिच्याच हातात दिला आणि म्हणाली, "ह्येला वास न्हाई. ह्यो तरी आत न्या." नर्सनं तो टेबलाखाली ठेवला.

आत जाताना बरोबर एकाच माणसाला परवानगी होती. मागच्या तिन्ही वेळा हे आले होते. समोरच्या भिंतीवर पडदा असतो, त्यावर सोडायच्या आधी गर्भ मोठा करून दाखवतात, ती त्या दवाखान्याची पद्धत होती. तिन्ही वेळा यांनी बघितला होता, आणि तिन्ही वेळा त्यानंतर घरी आल्यावर रात्रंदिवस तोच डोळ्यांपुढं यायचा, असं त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं.

नर्सनं निळा झगा पुढं केला तसे हे मागं सरकले.

"आईला न्हेता का?" ते म्हणाले. "मला न्हाई बघवायचं."

मी त्यांना बोलले नाही. राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण त्या माणसाचा चेहरा असा झाला होता की राग धरवेना. आत्यानं झगा नऊवारीवरनंच चढवला, टोपीत अंबाडा कोंबला, आणि मला म्हणाली, "चल. आपल्या दोघींचंच काम हाय."

मी टेबलावर आडवी झाले. लॅबच्या भिंतीत एक छोटी खिडकी होती, तिच्यातून आतल्या माणसानं माझं नाव विचारलं, यांचं नाव विचारलं, मॅडमनी पुन्हा तेच मोठ्यानं म्हणून खातरजमा केली. मग पडदा उजळला.

आधीच्या तीन वेळी दिसला होता तो नुसता गोल. या वेळी तसं नव्हतं. गोलाच्या कडेला एक फट होती आणि त्या फटीतनं काहीतरी बाहेर येत होतं. अर्धं आत, अर्धं बाहेर. एका जागी आवळलेलं आणि दोन्हीकडं फुगलेलं. ते हलताना दिसत नव्हतं, पण थांबलेलंही वाटत नव्हतं.

आत्या पडद्याच्या दिशेनं दोन पावलं पुढं गेली. नर्सनं तिचा दंड धरला.

"बेबे," आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "भाईर येतंय की गं."

"हो आजी," मॅडम म्हणाल्या. त्याही खुश होत्या, ते लपत नव्हतं. "गोठवलेला गर्भ वितळवल्यावर छान फुलला आणि आता कवचातनं बाहेर पडतोय. भोकाचा उपयोग झाला."

"म्हंजे जोर हाय त्येच्यात?"

"आत्ता तरी आहे."

आत्यानं दोन्ही हात पडद्यापुढनं ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर नेऊन काडकाड बोटं मोडली. लेकराची दृष्ट काढावी तशी. मॅडम हसल्या नाहीत, नर्सही हसली नाही. टेबलावर पडल्या पडल्या पडदा अंधुक दिसायला लागला तेव्हा मला कळलं की माझ्या डोळ्यांतनं पाणी येतंय. मी या वेळी काही आशा धरायची नाही असं पक्कं ठरवून आले होते. ते ठरवणं तिथंच मोडलं.

मग बारीक नळीतनं तो आत सोडला. नळी परत खिडकीतनं लॅबमध्ये गेली, आणि आतल्या माणसानं तपासून सांगितलं, "रिकामी आहे." म्हणजे नळी रिकामी, गर्भ माझ्या पोटात. आत्या लगेच म्हणाली, "रिकामी म्हनू नये वो. भरली म्हना." आतल्या माणसानं गुमान "भरली" म्हटलं.

नंतरचे दिवस आत्यानं मला उंबरठा ओलांडू दिला नाही. दर सकाळी एक लाडू. हे रोज संध्याकाळी इंजेक्शन द्यायचे, तेही मान वळवून, आणि दिल्यावर सुई टोचली ती जागा बोटानं चोळत बसायचे. बोलणं कमीच. आत्या मात्र बोलत होती. ज्याला त्याला सांगत होती. पाण्याला जाताना, दळण आणताना, ती सांगायची की मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, फटीतनं असं भाईर आलं, भुंग्यावानी, न्हाई, भुंगा बी मोठा, पण आलं. मी तिला म्हणाले, "आत्या, गावभर नको करू. व्हायचं अजून." तर म्हणाली, "व्हायचं काय ऱ्हायलंय आता? निस्तं वाढायचं ऱ्हायलंय."

रक्त तपासायच्या आदल्या दिवशी सकाळी मला डाग दिसला. दुपारपर्यंत सगळं स्पष्ट झालं. तरी आम्ही दुसऱ्या दिवशी मिरजेला जाऊन रक्त दिलं, कारण द्यायचं असतं. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. मी तो अंगणात उभी राहून घेतला.

"नाही चिकटलं, बेबीताई," त्या म्हणाल्या. "सगळं चांगलं होतं. का नाही चिकटलं ते मला सांगता येत नाही. तुमचं काही चुकलं नाही. विश्रांतीची गरज नाही, उद्यापासून कामावर गेलात तरी चालेल. शरीराच्या दृष्टीनं म्हणाल तर काही झालेलंच नाही."

काही झालेलंच नाही. हेच मी घरात येऊन सांगितलं. हे भिंतीला टेकून उभे होते, ते खाली बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "चला. संपलं एकदाचं." मग उठून तोंड धुतलं आणि मला म्हणाले, "उद्या डेपोत सांगतो. परवापास्नं हजर हो. घरात बसून डोकं फिरंल."

मलाही तेच पाहिजे होतं. गाडी, गर्दी, सुट्ट्या पैशांवरनं भांडणं. मी गणवेश काढून इस्त्रीला ठेवला. आत्या आतल्या खोलीत गेली होती ती तिथंच होती. बाज सरकवल्याचा आवाज आला. मग दोरी बांधल्याचा. मी जाऊन बघितलं तर तिनं कोपऱ्यात बाज लावली होती, तिच्यापुढं जुन्या लुगड्याचा पडदा सोडला होता, बाजेखाली शेगडी ठेवली होती, आणि निखाऱ्यावर ओवा टाकत होती.

"नीज," ती म्हणाली.

"आत्या, हे काय?"

"पोट बांधाय पायजे. सुती पातळ घे ते, मऊ हाय. नीज म्हनती न्हवं."

हे मागनं आले. बाज बघितली, शेगडी बघितली. त्यांना कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्यांचा आवाज चढला. आईवर आवाज चढवलेला मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

"आई, काढ हे सगळं. बाळ न्हाई तर बाळंतपण कसलं? लोक तोंडात शेण घालतील."

"बाळ न्हाई कसं?" आत्या ओवा टाकायची थांबली नाही. "कवचातनं भाईर आलं. मी बघितलं. भाईर आलं म्हंजे जन्मलं. कोंबडीचं असू दे न्हाईतर मान्साचं. जन्मलं म्हंजे ही बाळंतीण."

"डॉक्टर म्हणत्यात काही झालंच न्हाई."

"डाक्टरणीनं बी बघितलंय. इचार तिला."

"बरं, जन्मलं म्हणतीस न्हवं?" यांनी पडद्याचं लुगडं मुठीत धरलं. "मग मेलं बी म्हण. म्हण की. जन्मलं आणि मेलं म्हण."

"मेलंच की," आत्या म्हणाली.

हे तिथं उभे राहू शकले नाहीत. पायात चपला न घालता बाहेर गेले. काही झालेलंच नाही, या एका वाक्याला धरून तो माणूस उभा होता, आणि आत्यानं ते काढून घेतलं. चुकीचं कोण होतं, मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवसानंतर यांनी माझ्याजवळ मुलाचा विषय काढला नाही, आणि हळूहळू बाकीचेही विषय काढले नाहीत. आम्ही एका घरात राहतो. एकमेकांना जेवलात का विचारतो.

मी मात्र त्या बाजेवर निजले. का निजले ते सांगते. चार वर्षांत माझ्या शरीरातनं काय काय काढलं, काय काय घातलं, आणि दर वेळी शेवटी लोक म्हणायचे की काही झालं नाही. इथं पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं की झालं.

आत्यानं काही कमी ठेवलं नाही. सकाळी कोमट तेलानं अंग चोळायची, पाठीच्या कण्याला अंगठा लावून खालपर्यंत आणायची. कढत पाण्याची आंघोळ. केसांना धुरी. पोट असं आवळून बांधायची की श्वास घ्यायला त्रास व्हायचा. माझं पोट सपाटच होतं, आवळण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग लाडू. डबा अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

इंदाकाकू पडद्यापाशी आल्या. आत्यानं त्यांना आत येऊ दिलं नाही.

"म्हनत्यात बेबी निजलीया. काय झालं तरी काय?"

"बाळंत झाली."

"आन् बाळ?"

"ऱ्हायलं न्हाई."

गावात झालं ते झालंच. म्हातारीला चळ लागला, असं लोक म्हणायला लागले. पाणवठ्यावर आत्या आली की बायका गप्प व्हायच्या. अंडी घेऊन तिच्याकडं येणंही कमी झालं. तिनं ते मनावर घेतलं नाही, किंवा मला दाखवलं नाही.

एका दुपारी ती माझे पाय चेपत होती. मला राहवलं नाही.

"आत्या, तू म्हणत होतीस तसंच झालं की. बाहेरनं फोडलं, आणि ऱ्हायलं नाही."

मला वाटत होतं ती हो म्हणेल. म्हणावं, असंही वाटत होतं. कुणाला तरी आधी कळलं होतं एवढं तरी हाताला लागलं असतं.

"मी बोलले त्ये पिल्लाचं," आत्या म्हणाली. "ह्येचं मला काय ठावं?" ती पाय चेपतच होती. मग म्हणाली, "लंगडं चाललं असतं गं. लंगडं काय, आंधळं चाललं असतं."

आणि मग तिचा हात थांबला. आत्याला रडताना मी त्या एकाच वेळी बघितलं. पदर तोंडात कोंबून, आवाज न करता, माझ्या पावलांवर कपाळ टेकून. मी उठून बसले आणि तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले. बाळंतीण मी, आणि धीर द्यायचा मीच, असं झालं. पण त्या पडद्यामागं आम्ही दोघींनी रडून घेतलं, त्यानंतर मला कुणाजवळ रडायला मिळालं नाही. दोन वर्षांनी आत्या गेली.

त्या बाळंतपणातले लाडू संपले तेव्हा आत्यानं पडदा काढला, बाज बाहेर टाकली आणि मला म्हणाली, "जा आता कामावर."

मी हजर झाले. पहिल्याच दिवशी कवठेमहांकाळची गाडी मिळाली. पहिल्या फेरीला गर्दी होती, दुसरी जवळजवळ मोकळी. सगळ्यांची तिकिटं काढून मी माझ्या जागेवर बसले. शेजारी एक बाई होत्या, साठीच्या आसपास, मांडीवर झोपलेला नातू. चांगल्या बाई होत्या, मायाळू. मी पाणी पिताना बघून त्यांनी मला पिशवीतली काकडी दिली. ऊन किती वाढलंय, गाड्या कशा वेळेवर नसतात, असं बोलणं झालं. नातवाच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून मी खिडकीची काच ओढली.

"तुमाला किती लेकरं?" त्यांनी विचारलं.

एसटीत हे विचारतातच. मी कंडक्टर झाले तेव्हापासून दिवसातनं एकदा तरी कुणीतरी विचारायचं, आणि मी एकही नाही म्हणून सांगून मोकळी व्हायचे. त्यानंतर येणारे उपास-तापास, बाबा-बुवा मी कानाआड करायला शिकले होते. त्या दिवशी तोंडातनं दुसरंच गेलं.

"एक झालं होतं," मी म्हणाले. "ऱ्हायलं नाही."

बाईंनी हातातली काकडी खाली ठेवली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आरारा. कवा?"

"आत्ताच. महिना होईल."

"वली बाळंतीण की गं तू. आन् एवढ्यात कामावर?" त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. मला बरं वाटलं, हे सांगायला मला लाज नाही. घरात ज्याच्यावरनं भांडण झालं, गावात ज्याच्यावरनं हसले, ते या परक्या बाईनं एका वाक्यात खरं मानलं होतं.

"काय होतं गं?" त्या म्हणाल्या. "ल्योक का लेक?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. आत्यानंही नाही. पडद्यावर दिसलं ते नुसतं फटीतनं बाहेर येणारं काहीतरी होतं, त्याला अजून हात नव्हते, पाय नव्हते, तोंड नव्हतं. मी गप्प राहिले असते तर त्या बाईंनी समजून घेतलं असतं. पण मला गप्प राहायचं नव्हतं. मला त्याच्याबद्दल बोलायचं होतं, आणखी काहीतरी सांगायचं होतं, आणि सांगायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

"लेक," मी म्हणाले.

म्हणाल्यावर ती मला दिसली. अगदी क्षणभर, पण दिसली.

"लेक व्हती व्हय," बाई म्हणाल्या. त्यांनी सुस्कारा सोडला, आणि माझ्या गुडघ्यावर हलकंसं थापटून, पडलेल्याला उठवताना बोलावं तशा मायेनं म्हणाल्या, "मग येवढं मनाला लावून घिऊ नगंस बाई. ल्योक असता तर गोष्ट येगळी."

मग त्यांनी काकडी उचलली आणि नातवाचं डोकं नीट मांडीवर घेतलं.

भाड्यावरनं, सामानावरनं, पाय पसरून बसणाऱ्यावरनं मी एसटीत कुणाच्या बापाला भीत नव्हते. त्या बाईंना मात्र मला काहीही बोलता आलं नाही. माझी मुलगी होऊन अजून एक थांबाही झाला नव्हता, आणि ती गेल्याचं फारसं काही वाटून घ्यायचं नाही, असं ठरूनही गेलं होतं. बाईंचा फाटा आला. मी घंटी मारली, दार उघडलं आणि नातवाला उतरवून घेताना बाईंचा हात धरला.